राजसीच्या भात्याचं चामडं

समीर,

कल्पना कर, तू दहा वर्षांचा आहेस आणि बाणांच्या भात्यासाठी स्वतः चामडं निवडतो आहेस. तुझ्या राजसीने परवा कॅम्प पाचमधल्या चामड्याच्या दुकानात तासभर तेच केलं. एकेक तुकडा दुमडून भेगा पाहिल्या, पाण्याचा थेंब टाकून तो खऱ्या चामड्यात मुरतो तसा मुरतो का ते पाहिलं. शेठ हसून म्हणाले, "बेटी, लेना है या नहलाना है?" शेवटी तिने म्हशीचं जाड चामडं निवडलं.

तुला घरात त्याचा वास नको होता, तर तिला तोंडावर सांगायचं होतंस! ते आणायला तू गेलास, पण तिच्या हाती रेक्झिन दिलंस आणि म्हणालास, "तेच आहे, शेठकडून मापात कापून आणलं." खरा तुकडा मला आज गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सापडला. लाज वाटली मला तुझी.

ही चिठ्ठी वाचलीस की तो तुकडा घे आणि लगेच दुकानात ये, मीही तिकडेच निघालोय. टेबलावरच ठेवलाय. तिला खरं तू सांगायचंस, तेही शेठसमोर. मी तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही.

आज शिवायला बसण्याआधी तिने रेक्झिनवर थेंब टाकला, तो घरंगळून गेला. मला वाटलं, आता ती तुझ्यावर चिडेल. पण ती ओरडली, "आजोबा, शेठने पप्पांना फसवलं!" आणि रेक्झिन पिशवीत कोंबून, चपलाही न घालता जिना उतरून दुकानाकडे पळाली.