बाजू ‘ए’ची शेवटची चार मिनिटं

रविवार कारंजा, नाशिक
शनिवार, १८ नोव्हेंबर २००६

चि. आरोही हिस,

रंगाकाकाचा आशीर्वाद. इकडे गुडघे सोडून सगळं ठीक. तुझ्या आईची, लतावहिनींची पाठ कशी आहे? थंडीत त्यांना जड उचलू देऊ नकोस, त्या ऐकायच्या नाहीत, तरी सांग.

तू घरून फोनवर म्हणालीस, ‘काका, ई-मेल करा.’ अगं बाई, दुकानात मोबाईलचं रिचार्ज मारतो म्हणजे मला सगळंच येतं असं नाही. आणि हे जे लिहायचंय ते मला हातानंच लिहिता येईल, तेही आलं तर.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, पुण्याच्या हॉस्टेलात कुणीतरी जॅझ फ्यूजन ऐकवलं, काही कळलं नाही पण डोक्यातून जात नाही, तर नवख्या माणसानं कुठून सुरुवात करावी. दुसरी गोष्ट मागाहून. आधी पहिली.

सोबत पाच कॅसेटी पाठवतोय. वाजवणाऱ्यांची नावं त्यांच्या कागदावर लिहिली आहेत, इथं पुन्हा लिहीत नाही, माझी स्पेलिंगं बघून तू हसशील. फ्यूजन म्हणजे फार काही अवघड नाही. जॅझवाल्यांनी विजेची गिटार हातात घेतली, कुणी त्यात रॉक घातलं, कुणी आपला तबला बसवला. पण क्रम मोडू नकोस. एकदम शेवटची ऐकलीस तर कानाला हात लावशील.

एक नंबर आपल्या माणसानं आधी ऐकावी. गिटार, व्हायोलिन, तबला आणि घटम. ही पहिल्यांदा लावली तेव्हा तुझे बाबा दुकानाच्या पायरीवर चहा पीत होते. कप तसाच धरून म्हणाले, “रंग्या, हा गोरा गिटारवर तबल्याची तिहाई घेतोय की रे.” मग दिवसभर तेच. शेवटी मी म्हटलं, जयराम, आता जरा गिऱ्हाईकाला उभं राहायला जागा दे.

दोन नंबरला पाय हलतो, वहिनींनाही आवडेल. तीनमधल्या बेस गिटारला पडदेच नाहीत, त्यामुळे वाजवणारा सारंगीसारखी मींड घेतो. डोळे मिटून ऐक. चारमध्ये बाई गाते, पण शब्द नाहीत. त्याला आलाप समज आणि अर्थ शोधत बसू नकोस. ही सवय तुम्हा शिकलेल्या लोकांना फार.

पाचवीचं नंतर सांगतो.

या कॅसेटी आल्या कुठून तेही सांगायला हवं. तेव्हा माझं रेकॉर्डिंग सेंटर होतं. लोक गाण्यांची यादी द्यायचे, मी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. लग्नाची गाणी, भजनं, सगळं. देवळाली कॅम्पात एक रिटायर्ड कर्नल राहायचे. त्यांच्याकडे परदेशातून आणलेल्या तबकड्या होत्या. ते एका दिवसापुरत्या द्यायचे, सकाळी नेली की संध्याकाळी परत. तुझ्या बाबांची रेल्वेतली सुट्टी गुरुवारी, म्हणून मी तबकड्या गुरुवारीच आणायचो. तू आठ वर्षांची होतीस, कधी कधी त्यांच्यासोबत इगतपुरीहून यायचीस आणि काउंटरखाली बसून रिकाम्या डब्या रचायचीस.

त्या गिटारवाल्यानं बाबांच्या डोक्यात किडा सोडला होता. ‘आपल्या रूपकात, सात मात्रांत, असं काहीतरी आपणही करू,’ म्हणायचे. चौऱ्याण्णव साली तीन गुरुवार दुकानात बसून त्यांनी तबला वाजवला. मी माईक धरला. नव्वद मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरल्या. मी नाव लिहायला पेन काढलं तर म्हणाले, “आत्ता नको. पुन्हा नीट वाजवतो, मग लिही.” पुन्हा वाजवणं काही झालं नाही. शेडमधल्या ड्यूट्या बदलल्या, आणि मग राहूनच गेलं.

आता दुसरी गोष्ट.

तू विचारलंस, बाबांची ती कॅसेट तुमच्याकडे आहे ना? लकव्यानंतर दोन वर्षं झाली, उजवा हात गेला, वाचा गेली, आणि परवा त्यांनी टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून डाव्या हातानं पाटीवर वेडंवाकडं ‘रंगा’ लिहिलं, असं तू सांगितलंस. मी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, काकाला घाई होती. आरोही, ते उत्तर मी बारा वर्षं पाठ करून ठेवलंय.

ती कॅसेट मी पुसली.

झालं असं की पुढच्या मे महिन्यात कर्नलसाहेबांनी दोन तबकड्या दिल्या, ट्रंपेटवाल्याच्या. ते घर बंद करून मुलीकडे कायमचे चालले होते, तबकड्या संध्याकाळी परत हव्या होत्या. त्यात लग्नसराई, कोरी कॅसेट एक शिल्लक नाही, आणि बाजार त्या दिवशी बंद. मी खण उपसला. हाताला एक बिननावाची कॅसेट लागली. तिच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन दात मोडलेले होते. ते मोडले की कॅसेटवर पुन्हा भरता येत नाही. जपायची म्हणून मीच ते मोडले होते. पण भोकावर चिकटपट्टी लावली की भरता येतं, हे दुकानदाराला ठाऊक असतं. त्या घाईत ते आठवलं नाही, वाटलं, असेल कुणाची तरी सोडून दिलेली. लावली पट्टी. एकदा ऐकून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबांची कॅसेट शोधायला गेलो तेव्हा कळलं.

त्याच दिवशी सांगितलं असतं तर जयरामनं चार शिव्या दिल्या असत्या आणि चहा मागवला असता. मी सांगितलं नाही. त्यानं विचारलं की म्हणायचो, “सापडत नाहीये रे, असेल इथंच.” तो हसायचा, “काखेत कळसा आणि गावाला वळसा, तुझं नेहमीचंच.” पुढं विचारणं थांबलं. मग त्याचा हात गेला, आणि माझ्यात त्याच्यासमोर यायची हिंमत उरली नाही. इगतपुरी काय लंडन आहे? तासा-सव्वा तासाची वाट. दोन वर्षांत मी एकदा आलो नाही. वहिनींना गुडघ्यांचं सांगायचो. गुडघे दुखतात हे खरं, पण माणूस गुडघ्यांमुळे असा दोन वर्षं अडत नाही. मला लाज वाटत होती, अजून वाटते.

तुझा फोन आल्यावर ठरवलं, तुला यादीतली पाचवी म्हणून तीच ट्रंपेटवाली द्यायची आणि गप्प बसायचं. बघ, इतका निलाजरा आहे मी. मंगळवारी दुपारी ती चालते का बघायला लावली. बारा वर्षांत मी ती कधी पूर्ण ऐकली नव्हती, पहिल्याच सुरांना बंद करायचो. नेमकं रिचार्जला गिऱ्हाईक आलं आणि ती चालत राहिली. पहिली तबकडी एक्केचाळीस मिनिटांची. बाजू पंचेचाळीसची. ट्रंपेट थांबलं, थोडी खरखर झाली, आणि तबला सुरू झाला.

आरोही, चार मिनिटं शिल्लक आहेत. समोर गिऱ्हाईक उभं असताना मी रडलो. त्यानं विचारलं, “काका, नंबर चुकला का?”

जयराम रूपक वाजवतोय. मध्येच तुझा आवाज येतो, “बाबा, भूक लागली.” तो हात न थांबवता म्हणतो, “सात मोज, मग भेळ.” तू मोजायला लागतेस. एक, दोन, तीन. घाई करतेस, तो तुला लयीत ओढतो. पुढं तू बरोबर मोजतेस, अगदी कॅसेट संपेपर्यंत.

आता नीट वाच. रूपकात पहिल्या तीन मात्रांना डावा हात गप्प असतो. तो पडतो चारावर आणि सहावर. बाबांचा डावा हात चांगला आहे. तेव्हा पाचवी कॅसेट आधी लाव, माझा क्रम गेला खड्ड्यात. बाजू ‘ए’ शेवटाकडे पळव. त्यांच्या डाव्या हाताखाली एक उशी ठेव आणि मोठ्यानं मोज. काही झालं नाही तर रिवाइंड करून पुन्हा मोज. कॅसेट संपली तरी थांबू नकोस.

हे पत्र मात्र त्यांना वाचून दाखवू नकोस. ते माझं मला तोंडानं सांगायचंय. गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो. त्यांचा डाव्या हातानं वाजवायचा डग्गा अजून माझ्या माळ्यावर आहे, तोही आणतो.

मला जयरामनं त्याच डाव्या हातानं एक मुस्काटात दिली तर मध्ये पडू नकोस.

बारा वर्षं ‘सापडत नाही’ म्हणणारा,
तुझा
रंगाकाका
(रंगनाथ)