आजीच्या देवातलं नाणं

नगरधन, ४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस, ऋषिकेशचा सा. न.

चौकशीसाठी आम्हा खोदणाऱ्यांचे फोन पोलिसांकडे जमा आहेत, म्हणून ही चिठ्ठी नत्थूजींच्या दुधाच्या गाडीवर. आधी पूर्ण वाच, मग ओरड.

जुन्या राजधानीच्या किल्ल्याखाली चंपतरावांच्या शेतात मी आणि माझा जोडीदार लहानू पाइपाची नाली खोदून राहिलो होतो. लहानूच्या कुदळीला गाडगं लागलं. आत चांदीची नाणी, हिरवी पडून एकमेकांना चिकटलेली, गुळाच्या ढेपेसारखी. लहानू तहसीलला कळवायला पळाला आणि मी वरचं एक उपटलं. गुंजनसाठी. तिचे बाबा, हेच चंपतराव, चारचौघांत म्हणाले होते, कॉलेज सोडलेल्याच्या हाती मी माही बकरी बी देणार नाही. डोकं फिरलं होतं. गुंजनला देताना सांगितलं, आमच्या आजीच्या देवातलं आहे.

आता पुरातत्त्वच्या मॅडमनी ढेपेवर ताजा गोल डाग पाहिला. गाडगं लहानूला सापडलं, म्हणून ठाण्यात रोज त्यालाच बसवतात. संध्याकाळी तो मलाच विचारतो, कोणं नेलं असन गा? नाणं हाती नसताना कबूल झालो तर पोलीस गुंजनच्या दारात जातील. ती तिथंच नागपुरात, जरीपटक्याला मामीकडे आहे. जा आणि घेऊन ये.

राग आला तरी माया पातळ करू नको.

तुझा ऋषिकेश

महाल, नागपूर, ५ फेब्रुवारी

चि. ऋषिकेशास, शामलाताईचे अ. आ. आणि कानफटात एक.

जाऊन आले. पोरगी चांगली आहे, तुझ्या मानानं फारच. पण नाणं पाहिलं, तर काय? लखलखीत! देवातलं म्हटल्यावर तिनं चिंच-मीठ लावून घासलं, देवाचं काळं ठेवत नाहीत म्हणे. वरच्या राजाचं नाक पार गेलं. तुझ्याच थापेनं, बाप्पा. आता हे त्या ढेपेतलंच, असं कोण मानणार?

मागितलं तर म्हणाली, त्यांनी दिलं, त्यांच्याच हाती देईन. येत्या शुक्रवारी ती गावी येऊन राहिली. खरं मी सांगितलं नाही. ते तूच सांग, मॅडमच्या आधी. चंपतरावांवर धावून जाऊ नको. आजी सारखी विचारते, पोरगा जेवते का. काय सांगू?

जपून राहा. जीव टांगला आहे.

ताई

नगरधन, ८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

लहानू सुटला.

गुंजन बसमधून उतरली, तिथंच सगळं सांगितलं. ती नाणं मुठीत धरून थेट मॅडमपाशी गेली. राजाचं तोंड पाहून मॅडमनी कपाळाला हात लावला. मग उलटं केलं. मागची बाजू हिरवीच! मामीची चिंच संपली होती म्हणे. त्या डागावर ठेवलं, तर झाकणासारखं बसलं.

माझा जबाब झाला. सोमवारी पुन्हा बोलावलंय, पुढं काय होईल माहीत नाही. चंपतराव म्हणाले, बकरीचं मी बरोबरच बोललो होतो. मी धावून गेलो नाही, ताई, खरंच. लहानू डबा उचलून दुसऱ्या झाडाखाली जेवायला बसला.

जाताना गुंजननं एवढंच विचारलं, तुमच्या घरी आजी तरी आहे का? आहे म्हटलं. विश्वास बसला नाही. येत्या रविवारी ती स्वतः पाहायला येऊन राहिली. आजीले काही शिकवून ठेवू नको वं. फक्त कुठं जाऊ देऊ नको.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

ऋषिकेश