कोश लवकर झाले

मंगळवार, दिवेलागण

लेक वैशालीने नागपूरच्या तिच्या प्रयोगशाळेतून चांदीच्या नॅनोकणांचं पाणी पाठवलं होतं. तुतीच्या पाल्यावर फवारलं. रेशमाच्या अळ्या धष्टपुष्ट झाल्या, रोग नाही, कोशही लवकर विणले. तिला फोनवर सांगितलं, तर म्हणे, "बाबा, मग आवाज असा काहून येऊन राहिला?"

"खोकला हाय वं."

खोटंच. अळ्या पाला खातात ती कुरकुर... वैशालीची आई गेल्यापासून घरात तेवढीच सोबत होती. आता सगळं गप्प. पोरीला हे कसं सांगू?

तुलनेसाठी एक ट्रे बिनफवारणीचा ठेवायला तिनेच सांगितलं होतं. त्यातल्या अजून खाताहेत. कुरकुर, कुरकुर. खाट तिथंच ओढली आहे.

सावकाश खा वं बायांनो, घाई नाही.