तिसऱ्या खिडकीखालचं नाक

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (परांचीवर चढून चढून कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग कागदावरच मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला गेला का?

तुझा चेहरा चार मजली भिंतीवर येणार हे तू अख्ख्या गल्लीला सांगून बसलीस आणि रविवारी जावा-नणंदांसकट बघायला येणार, हे कळलं. तर झालंय असं (नक्की काय झालंय ते मलाही उमगलेलं नाही). एवढ्या भिंतीवर चेहरा काढायचा, तर आधी मनाला येतील तशा रेघोट्या, फुल्या, वेटोळी मारून ठेवतात. मग भिंतीचा फोटो घेऊन मोबाइलवर त्यावर चित्र ठेवायचं, म्हणजे कळतं की या वेटोळ्यावर नाक, त्या फुलीवर कान. पुढे रेघोट्या रंगाखाली गडप. मी आणि भिंगरी (माझा जोडीदार, एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव) दोन टोकांनी रेघोट्या मारत मध्ये भेटलो आणि चहाला गेलो. परत येतो तो उद्घाटन उरकलेलं! महापालिकेचे बडे साहेब ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच उगवले होते. 'शहराचं मन उलगडलंय' असं भाषण झालं, शाळेतल्या एक निवृत्त बाई तर रडल्या. मी सांगायला गेलो, की अहो, ही नुसती पूर्वतयारी आहे. साहेब म्हणाले, "खरे कलावंत असेच नम्र असतात," आणि 'हात लावू नये' अशी पाटी ठोकून रखवालदार बसवला.

वाटलं, भिंगरी तरी भांडेल. तो मुलाखती देतोय! आत्याचं काय म्हणून विचारलं तर म्हणतो, "कोण आत्या?" परवा ते नाकाच्या जागचं वेटोळं मलाच आवडायला लागलं आणि मी घाबरलो. लहानपणी तुझ्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या, तेव्हा तू एकटीच रागावली नव्हतीस. तुझाच चेहरा काढायचा राहिला, याचं फार वाईट वाटतं गं.

तुझा भांबावलेला भाचा

ता. क. रविवारी ये मात्र. घटकाभर बघ आणि सगळ्यांसमोर ठणकावून सांग, "हे अगदी माझंच नाक!" तिसऱ्या खिडकीखालचं वेटोळं. खोटं नाही, नाक तिथेच येणार होतं.

आणखी एक ता. क. रखवालदार जेवायला गेला तेवढ्यात पाइपाजवळ तुझ्या हनुवटीवरचा तीळ रंगवून आलो. जागच्या जागी, हुबेहूब. साहेबांना पत्ता नाही. भिंगरीच्या मात्र लगेच लक्षात आलं. म्हणतो, सगळ्या चित्रात तेवढीच एक चूक आहे.