फाटकाजवळच्या कांचनाची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय चौपन्न, धंदा फुलझाडांची छाटणी, शिक्षण स्वतःचं स्वतः, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणणारे पुष्कळ होते, पण मी ऐकतो कुणाचं?

१. राहतं घर व बँकेतली ठेव एकुलत्या एक चिरंजीवास. तो उद्यानकलेचा पदविकाधारक आहे. पदविका भिंतीवर टांगलेली आहे, तिथेच राहावी. झाडाजवळ आणू नये.

२. फाटकाजवळचा कांचन आणि माझी सर्व हत्यारं, म्हणजे दोन कात्र्या, वाकडी करवत, कानस व शिडी, सूनबाईस. चिरंजीव "का?" विचारतील, म्हणून कारण नमूद करतो.

गेल्या वर्षी मी छातीत कळ येऊन दवाखान्यात होतो. कांचन आदल्या हंगामातल्या फांद्यांवर फुलतो. त्याला कात्री लावायची ती फुलं गळाल्यावर. चिरंजीवांनी ऐन कळ्यांत त्याचा चेंडू करायला घेतला. अर्धं झाड भादरून झाल्यावर सूनबाई बाहेर आली.

"अहो, कळ्या आहेत त्या!"

"तुला काय कळतंय? पदविका कुणाकडे आहे?"

"तुमच्याकडे. आणि कळ्या झाडाकडे. उतरा खाली, नाहीतर शिडी काढते."

उतरला. मी घरी आलो तेव्हा रस्त्याकडची बाजू फुलांनी लगडलेली, घराकडची नुकतीच न्हाव्याकडून आलेली. लोक विचारत, "नवी जात का हो?" मी सांगे, "हो, पदविकेची."

३. चिरंजीवाने पुन्हा कांचनाला हात लावल्यास घरही सूनबाईचं. वकील म्हणतात, हे कलम टिकणार नाही. त्यांनी आधी स्वतःच्या दारातला गुलाब टिकवून दाखवावा.

४. सूनबाईस सूचना: जाड फांदी आधी खालून थोडी, मग वरून कापावी, साल फाटत नाही. फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं, ते राखावं. उमेदवारीत मी ते साफ उडवायचो. कांचनाच्या खोडातली पोकळी त्यातलीच. आजवर दोष वाळवीला दिला. वाळवीची जाहीर क्षमा मागतो.

साक्षीदार: (१) शेजारचे वायरमन, ज्यांना तारेजवळची फांदी कधीच त्यांच्या मनासारखी कापून मिळाली नाही. (२) दवाखान्याचे डॉक्टर, ज्यांनी मला शिडी वर्ज्य केली. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या; डॉक्टरांची त्यांना स्वतःलाही वाचता आली नाही.

स्थळ: कांचनाखाली.
दिनांक: शेवटचं फूल गळाल्यापासून नववा दिवस. आकडा वकिलांनी घालावा.

हे लिहीत असताना सूनबाई वर चढली आहे. "बाबा, कुठून कापू?" म्हणाली. जीभ आवरली आणि म्हटलं, "मला काय विचारतेस? झाड तुझं."

(सही)