मुकाट मिटणाऱ्या ॲपची हकिगत

प्रिय मेहुणेसाहेब यांस,

तुमच्या भावोजींचा मनापासून नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, तिकडेही तसंच असेल असं धरून चालतो. तुमच्या मानेचा पट्टा निघाला का? नसेल तर हे पत्र उताणं पडून, हात वर धरून वाचा. वाकून वाचू नका, बरंच लांब होणार आहे. तुमच्या सौभाग्यवतींना नमस्कार. कन्येचा हलणारा दात एव्हाना पडला असेल, तिला माझ्याकडून शाबासकी. माझा गुडघा जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही, तर डॉक्टर म्हणाले, मग उतरत चला. (आणि याला म्हणे उपचार म्हणायचं!) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे, पण ते शेवटी सांगतो.

विषय असा, की तुम्ही तुमच्या ताईच्या संगणकावर जे लिनक्स (विंडोजसारखंच, पण फुकटचं) बसवून दिलंत, त्यातलं ती प्रोग्राम लिहिते ते ॲप गेल्या आठवड्यात अचानक उघडेनासं झालं. अचानक म्हणजे अगदी अचानक, कुणाचाही हात न लागता. (हे वाक्य लक्षात ठेवा.) नोकरी संपल्यावर तिने विणकामाचा वर्ग काढला आणि प्रोग्रामिंग शिकायला घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला वाटलं होतं, पहिलं टिकेल आणि दुसरं आठवडाभरात बारगळेल. झालं भलतंच, तिने दोन्हींची मोट बांधली! छातीचं माप, उंची आणि लोकरीची जाडी सांगितली की स्वेटरसाठी सुईवर किती टाके घालायचे, कुठे कमी करायचे, गळा कुठे सोडायचा, हे सगळं सांगणारा प्रोग्राम तिने लिहिला. शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये तो वर्गाला पडद्यावर दाखवायचा होता. फक्त बाहीचा हिशेब चुकत होता. (त्याप्रमाणे विणलं असतं तर बाही गुडघ्याला लागली असती.) ती चूक काढायची तर ॲप उघडायला हवं, आणि ते तर उघडेना. त्यातून वर्गातल्या एका बाईंनी, ज्यांना आम्ही घरात शंकाबाई म्हणतो, सगळ्यांदेखत विचारलं होतं की आपल्या वयात हे जमतं का हो. म्हणजे बाही सुधारली नाही, तर शंकाबाई पहिल्या रांगेत बसून गोड हसणार, हे ठरलेलं होतं.

आता ते ॲप बंद कसं पडायचं तेही ऐका, म्हणजे माझा संताप कळेल. आयकॉनवर क्लिक केलं की छोटं चक्र फिरायचं, आता उघडतंय असं वाटायचं, आणि चक्र थांबून सगळं सामसूम. अमुक चुकलं म्हणून सांगणं नाही, लाल अक्षरं नाहीत, काही म्हणजे काही नाही. पाहुण्याने दारात यावं, चपला काढाव्यात आणि आपण 'या, बसा' म्हणायच्या आत पुन्हा घालून चालू पडावं, तसं. माझा सगळा जन्म कार्यालय अधीक्षक म्हणून गेला. माणसं कामं टाळायची, पण टाळताना कारण तरी द्यायची (तब्येत, पाहुणे, नाहीतर सर्व्हर बंद). कारण न देता तोंड मिटून बसणं मला बिलकूल खपत नाही, म्हणून मी संगणकाला दोन शब्द सुनावले. तुमची ताई म्हणाली, त्याला ऐकू येत नाही, शेजारच्यांना येतं.

मग तिने ते काळं टर्मिनल उघडलं, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम (त्यांच्या भाषेत कमांड) द्यायची खिडकी. एकच की दाबली, समोर काय आलं ते वाचलं, 'हं' म्हणाली आणि बंद केलं. चेहरा जरा विचित्र दिसला, ओठ आत घेतलेले. मी घाबरून विचारलं, फार गंभीर आहे का? ती म्हणाली, सोपं दिसत नाही, तुम्ही एक खुर्ची घेऊन या. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची नेली आणि तिच्या शेजारी बसलो. मेहुणेसाहेब, खरं सांगतो, त्या खोलीत मी आजवर पंखा पुसायला तेवढा जात होतो. ती तिथे बसून काय करते हे मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.

आणि काय पाहिलं म्हणून सांगू! मी एकदम चार उपाय सुचवत होतो: बंद करून चालू करा, तारा हलवा, धूळ झटका, ॲप काढून पुन्हा घाला. ती म्हणाली, चारही एकदम केले आणि सुरू झालं, तर कशाने झालं हे कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायची, मग पुढची. उलट-सुलट वीण मोजावी तशी ती शांतपणे एकेक ओळ मागे जात होती. जागा संपली का ते पाहिलं, नव्हती संपली. ॲप काढून पुन्हा घातलं, तरी तेच. इंटरनेटवरच्या मंडळींना विचारलं, तर एकाने उत्तर दिलं, 'माझ्याकडे चालतंय.' (अभिनंदन रे बाबा!) मी हातघाईवर आलो, पण ती हसून पुढे गेली. मग तिने त्याच संगणकावर दुसऱ्या नावाने नवं खातं काढलं, आणि त्या खात्यात ॲप टकाटक उघडलं. म्हणजे ॲप धडधाकट आहे, ती म्हणाली, दोष आपल्याच घरात आहे, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

दुपारची झोप मी केव्हाच सोडून दिली होती. जेवण झालं की मीच आधी जाऊन बसायचो. कधी नव्हे ते आम्ही गॅस, औषधं आणि दूध सोडून इतर विषयांवर बोलत होतो. शेवटी शुक्रवारी तिने टर्मिनलमध्ये ॲपचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं आणि ते तिथून सुरू केलं. आयकॉनवरून बोलावलं की मुकाट मिटणारं ते ॲप, तसं नावाने हाक मारल्यावर घडाघडा बोलायला लागलं की हो! त्याचं म्हणणं एवढंच, की माझ्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये मलाच लिहू देत नाहीत. तिने फोल्डरचा मालक कोण ते पाहिलं, तर तुमच्या ताईचं नाव जाऊन तिथे 'रूट' बसलेला. रूट म्हणजे लिनक्समधला सर्वाधिकारी, हे मला तिनेच समजावलं. एका कमांडने तिने फोल्डर स्वतःच्या नावावर केलं आणि ॲप उघडलं. मी उडालोच! तिने मात्र चहासुद्धा न घेता बाही उसवायला घेतली, आणि काय ती हातोटी, पाच-दहा मिनिटांत हिशेब बरोबर! मी अशी बुद्धी आमच्या अख्ख्या कार्यालयात पाहिली नाही. शनिवारी शंकाबाईंनी नातवाचं माप घालून पाहिलं, दोनदा घालून पाहिलं, आणि मग हळूच विचारलं की मला शिकवाल का. मी मागच्या रांगेत होतो. टाळ्या सुरू मीच केल्या, हे कबूल करतो.

असो. तुमची ताई काय चीज आहे हे तुम्हाला लहानपणापासून माहीत असेल, मला आत्ता कळतंय. मानेला जपा.

तुमचा भावोजी
(सध्या सहायक पदावर)

ता. क. आता कारण. कुणाचाही हात न लागता असं मी वर म्हटलंय, तर हात माझा लागला होता. ती डोळे बारीक करून वाचते, म्हणून तिच्या नकळत अक्षरं मोठी करून ठेवावीत असं मनात आलं. कुठेतरी वाचलं, की कमांडच्या आधी 'सुडो' लावलं की संगणक आपल्याला सर्वाधिकारी समजतो आणि कशालाच अडवत नाही. मला ते पसंत पडलं. मी सुडो लावून ॲप उघडलं, अक्षरं मोठी केली आणि ऐटीत बाहेर आलो. फोल्डर रूटच्या नावावर गेलं ते त्यामुळेच. तिने ते कुणी केलं असं अजून विचारलेलं नाही, आणि मोठ्या अक्षरांबद्दलही अवाक्षर नाही, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागलाय. तेव्हा कृपा करून तुम्ही तिला फोनवर सहज सांगा, की अपडेट आल्यावर असं आपोआप होतं. तुमचं ती ऐकते. हे संगणकावर लिहिलं असतं तर तिला सापडलं असतं, म्हणून कागद.

ता. क. धाकट्या, मी ताई. यांनी सहज विचारावं तसा तुझा पिनकोड विचारला, तेव्हाच कळलं काहीतरी शिजतंय. पत्र टेबलावर उघडंच होतं. तू मला काही खोटं सांगू नकोस, तुला जमत नाही. टर्मिनलमध्ये वरच्या बाणाची की दाबली की आधीची कमांड दिसते, हे यांना माहीत नाही. मला पहिल्याच दुपारी सगळं दिसलं. दोन मिनिटांचं काम होतं, करणारच होते. पण हसू दाबायला म्हणून खुर्ची आणा म्हटलं, तर हे खरंच घेऊन आले आणि बसले! दुसऱ्या दिवशी आपणहून आले. पुढे काय, पुढे काय, विचारत राहिले. आधी यांना नोकरी होती, नंतर पेपर होता. म्हटलं, सापडायला लागू देत थोडे दिवस. बाही मी सकाळी हे फिरायला गेले की त्या दुसऱ्या खात्यातून दुरुस्त करून ठेवली होती. अक्षरं छान मोठी झालीत, डोळ्यांना बरं वाटतं. ते यांना सांगायचं राहिलंय.

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा वरचं वाचलं. कान गरम झालेत. माझी विनंती रद्द समजा. आता ॲप झकास चालतंय, त्यामुळे मला त्या खोलीत जायला निमित्त उरलेलं नाही. खुर्ची अजून तिथेच आहे. मी परत आणलेली नाही, जेवायला स्टुलावर बसतो, आणि तीही खुर्ची परत न्या म्हणत नाही. तेव्हा नवी विनंती अशी, की लिनक्समधला एखादा बिनधोक बिघाड मला कळवा, तुमच्या ताईला सापडायला निदान महिना लागेल असा. उत्तर पत्रानेच पाठवा, आणि पाकिटावर नाव तिचंच घाला. नाहीतरी आधी तीच वाचणार.