मावशीचा खूर

प्रिय ठमाबाई,

तू बाळाला घेऊन माहेरी आईंकडे गेलीस त्याला महिना होत आला. मी अडवलंही नाही. फोन केला की मी नुसतं हं हं करतो आणि तू चिडून ठेवून देतेस, म्हणून हे लिहायला घेतलं. अक्षराला हसू नकोस, मांडीवर कागद ठेवून लिहितोय. तबेल्याबाहेर एक बाकडं आहे, त्यावर बसलोय, आणि मागे मावशी फुरफुरतेय. मावशी म्हणजे घोडी आहे, दचकू नकोस. दचकायचं खातं सध्या माझ्याकडे आहे.

हो, घोडी! कंपनीने ज्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं, त्या खुर्चीत बसवून प्रश्न विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातात घोड्याचं अंग घासायचा खरारा दिला आणि म्हणाल्या, घासा. मनात म्हटलं, झालं, एवढंच राहिलं होतं. जाड्याला सांगितलं तर कुबडी पडेपर्यंत हसला. म्हणे, लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडलो मी, आणि मालिश घोडीची होय? मीही हसलो. पण पहिल्या दिवशी तिच्याजवळ गेलो तेव्हा माझी बोबडी वळली होती, हे त्याला सांगितलं नाही.

त्या दिवसाचं तुला एवढंच ठाऊक आहे की आम्ही दोघं लिफ्ट दुरुस्त करत होतो, जाड्या पडला आणि मी वाचलो. मधलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा पाय सरकला तेव्हा त्याचं मनगट माझ्या दोन्ही हातांत होतं गं. जिवाच्या आकांताने धरलं होतं. ग्रीसने सगळं बुळबुळीत झालेलं, माझी बोटं एकेक करून उघडत गेली आणि मी ती बघत राहिलो. जाड्या म्हणतो, अरे वेड्या, माझ्यासारखा रेडा कुणी हाताने धरतं का? कंबर मोडली, जीव तर नाही ना गेला! त्याचं पटतं मला. हातांना पटत नाही. साधी कपबशी उचलली तरी वाटतं, आता ही जाणार.

आणि बाईंनी मला नेमकं तेच काम दिलं, धरण्याचं. घोडीचा खूर साफ करायचा असतो, त्यात खडे अडकतात. आधी तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, तो न उचलता सरकवत खाली पायापर्यंत न्यायचा, म्हणजे कोण आलंय आणि काय करणार आहे ते तिला कळतं. मग ती आपणहून पाय उचलून तुमच्या हातात देते. मला दिला तसा मला दरदरून घाम फुटला. केवढं ते वजन! मी श्वास रोखला आणि दोन्ही हातांनी खूर आवळून धरला. मावशीने कान मागे पाडले, एक हिसका दिला, आणि पाय सुटला. माझ्या हातातून पुन्हा सुटला! मी तिथेच गवतात बसकण मारली. दातावर दात आपटत होते, वर बघायची छाती होईना. शेवटी बघितलं, तर मावशीबाई चारही पायांवर उभ्या राहून गवत खात होत्या. खूर सुटला होता आणि जमिनीवर टेकला होता, बाकी काही झालं नव्हतं. मग मात्र मी रडलो, लहान पोरासारखा.

बाई म्हणाल्या, तुम्ही घाबरता त्याचं तिला काही नाही. तुम्ही श्वास कोंडून ते लपवता ना, त्याने ती बिचकते. तिला सांगून टाका. आता मी रोज सांगतो, मावशी, मला भीती वाटतेय, पाय दे. लाज वाटते म्हणायला, पण ती देते. आवळायचं नाही, नुसता तळवा खाली द्यायचा. भीती गेली असं मात्र समजू नकोस. परवा बादली पडली तर घोड्यांच्या आधी मीच उडालो.

आता मुख्य ते लिहितो. आईंना वाटतं, मला मुलगी नको होती. दवाखान्यात त्यांनी बाळ माझ्यापुढे केलं आणि मी मागे सरलो, ते त्यांनी पाहिलं. तूही पाहिलंस. मग रोज काहीतरी नवीन. मला सर्दी आहे, हात ओले आहेत, झोपलीय तर राहू दे. एकदा तू सरळ विचारलंस, ही तुला आवडत नाही का? मी भिंतीकडे बघत बसलो, आणि दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. अगं, आवडत नाही काय! तू आत गेलीस की मी पाळण्याशी उभा राहून तिचा श्वास बघायचो, हात पाठीमागे बांधून. तिने अजून मानही धरलेली नाही, आणि तिला या हातांत घ्यायचं? ज्यांनी जाड्याला सोडलं त्या हातांत?

तरी रविवारी तिला घेऊन ये. मी जमिनीवर गादी घालून बसेन, म्हणजे पडली तरी... बघ, लिहितानाही हात थांबला. आधी मी तिच्या खांद्यावर बोट ठेवेन आणि तिला सांगेन की तुझा बाबा घाबरलाय. आईंसमोर सांगेन, ऐकू देत त्यांना. मग तू तिला माझ्या तळव्यांवर ठेव, पण खालचे तुझे हात काढू नकोस. मी काढ म्हणेपर्यंत काढू नकोस. त्या दिवशी कदाचित म्हणणारच नाही मी. तरी ये.

तुझाच,
भित्रा